दार लावून खाल्लेला भात

बाबा, कांदा बुक्कीनं फोडल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. विळी नाही, चाकू नाही. फरशीवर कांदा ठेवून वरून हाणलेली मूठ. आधी एक बद्द आवाज, आणि त्याच्या पाठोपाठ पाकळ्या सुटल्याची बारीक करकर. उन्हाळ्यातली सकाळची शाळा सुटून मी घरी आलो होतो, पायांत चपला नव्हत्या म्हणून सावल्या शोधत पळत. आई शेजारी कुणाकडे गेलेली. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत कोणी नाही, स्वैपाकघराचं दार लोटलेलं, आणि आतून तो आवाज. मी दार ढकललं. तुम्ही दाराकडे पाठ करून खाली बसला आहात. पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर रात्रपाळी करून आलेले, अंगात भोकं पडलेली बनियन, मानेवर धगीनं उठलेले लाल चट्टे. समोर जर्मनचं गंज, म्हणजे आपलं ते अल्युमिनियमचं पातेलं, त्यात रात्रीचा भात, भाताच्या वर बोटभर पाणी. शेजारी फुटलेला कांदा, हिरवी मिरची, चिमूटभर मीठ. आणि तुम्ही हळूहळू खात आहात. घास उचलताय, थांबताय, गंजात पाहताय, मग खाताय. जसं काही त्या पाण्यात तुम्हांला गावची नदी दिसत होती.

भातातलं पाणी पाहून मी जेवढा दचकलो नाही तेवढा तुमच्या त्या हळू खाण्यानं दचकलो. कारण आमच्या समोर तुम्ही असं कधीच जेवला नाहीत. आमच्या समोर तुमचं जेवण म्हणजे भोंगा वाजायच्या आधी उरकायचं काम. गरम भात, वर वरण, तीन-चार मोठे घास, ताट सरकवलं, संपलं. तोंड भाजलं तरी चालेल, पण भात गरमच पाहिजे, आणि ताटाकडे टक लावून पाहायचं नाही. "पोट भराचं असते, पोटाचे लाड कराचे नसतात," हे तुमचं ठरलेलं. त्या दुपारी तुम्हांला माझी चाहूल लागली आणि तुम्ही गंज एकदम तांदळाच्या पोत्याआड सरकवलं. पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं. "काय पाहून राहिला बे? जेवणाऱ्याच्या तोंडाकडे कुत्रं पाहते. जाय भाईर!" मी बाहेर पळालो तर मागून हळू आवाजात, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणालात, "अन् कोणाले सांगू नको."

नाही सांगितलं. आईला नाही, भावाला नाही, पुढं बायकोलाही नाही. आज तुम्हांलाच सांगून राहिलो, म्हणजे तसा शब्द मोडला असं होत नाही. पण एक आणखी सांगतो, जे तेव्हा सांगायची सोय नव्हती. बाहेर कडुनिंबाखाली बसून मी त्या दुपारी दोन ओळी जुळवल्या होत्या. गावच्या मराठी शाळेत गुरुजींनी आम्हांला कवितेचं वेड लावलं होतं ना, भिलाईला येऊन हिंदी शाळेत पडलो तरी ते गेलं नव्हतं. 'पाण्यात बसला भात निवांत, बाबांचे डोळे झाले शांत.' यमक तरी चुकलं नाही. तुम्हांला म्हणून दाखवली असती तर तुमचं ठरलेलं वाक्य ऐकावं लागलं असतं: "कवितेनं पोट भरते का रे?"

भरतं, बाबा. आज मी तुम्ही गेलात त्याहून वयानं मोठा आहे, तेव्हा तोंडावर सांगतो. भरतं.

तुम्ही गरम भातासाठी एवढे हट्टी का होतात ते मला आईनं सांगितलं, तेही तुम्ही गेल्यावर. गावात मालगुजाराच्या, त्या जमीनदाराच्या, वाड्याच्या मागं तुमच्या आईसोबत तुम्ही उभे राहायचे. आतून काल-परवाचा भात यायचा, पाणी घातलेला, आणि तो वरून, लांबून ओतला जायचा. हात लागू नये म्हणून. तुम्ही लहान होतात, भुकेनं भांड्याकडे टक लावून पाहायचे, आणि त्यावरून आतल्या बाया हसायच्या. इकडचे छत्तीसगढी लोक पाण्यातल्या भाताला बासी म्हणतात आणि मजेनं खातात. आपल्या गावी त्याला नावच नव्हतं. नुसतं शिळं म्हणत. म्हणून भिलाईला क्वार्टर मिळालं त्या दिवशी तुम्ही आईला बजावलं, "ह्या घरात भातात पाणी पडणार नाई." म्हणून पाहायचं नाही. म्हणून झटपट खायचं, कोणी मागून हिसकावणार असल्यासारखं. म्हणून शेजाऱ्यांच्या घरून सणासुदीला वाटी आली की तुम्ही ती झाकणासकट जशीच्या तशी परत पाठवायचे. "आमाले नाई पाहिजे. आमच्या घरी आहे." एकदा आई म्हणाली होती, "त्या बाईचं तोंड पाह्यलं का तुमी?" तुम्ही म्हणालात, "माह्या मायचं तोंड कोणं पाह्यलं होतं?"

हे सगळं मला कळतं. कळतं आणि तरीही मी ऐकणार नाही. तेवढ्यासाठीच हे पत्र आहे.

झालं असं की मागच्या दिवाळीत नातीनं माझ्या टीव्हीवर काहीतरी लावून दिलं आणि म्हणाली, "आजोबा, ये देखो, आपके टाइप का है." जपानी मालिका. त्यांत काही होत नाही. मारामारी नाही, सासू-सून नाही, कोणी कोणाविरुद्ध कट करत नाही. एका मालिकेत एक बाई आहे, बंदरावर मासळी साफ करायच्या कामाला जाते. सुट्टी झाली की घरी येते, तांदूळ धुते, भात लावते, आणि भात होईपर्यंत बसून राहते. नुसती बसते. कॅमेरासुद्धा तिच्याजवळ बसतो. झाकण हलतं, वाफ येते, बाहेर कुठं बोटीचा आवाज. मग ती हात जोडते, एक शब्द म्हणते, आणि जेवते. जेवताना ताटाकडे पाहते. चांगलं टक लावून पाहते, बाबा, आणि तिच्यावर कोणी हसत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले, विहारात बसल्यासारखे. बोलणं कळत नाही, खाली इंग्रजीत ओळी येतात, त्या मी सावकाश वाचतो. त्यांनाही घाई नसते. आमचे गुरुजी कविता शिकवायचे ना, एक ओळ म्हणायची, थांबायचं, तीच ओळ वर्गानं म्हणायची, पुन्हा थांबायचं. खिडकीतून चिमणी आली तर चिमणीकडे पाहून घ्यायचं आणि मग पुढची ओळ. तसंच. मधली ती थांबायची जागाच मला पुन्हा सापडली, इतक्या वर्षांनी, तीही जपानात.

आयुष्यभर मी रेल मिलच्या क्रेनवर बसलो. वर केबिनमध्ये एकटा, खाली लालबुंद रूळ धावताहेत, मांडीवर डबा, एक डोळा खालच्या माणसाच्या इशाऱ्यावर आणि एका हातानं घास. तुमची सून पहाटे उठून काय काय करून द्यायची. जवसाची चटणी, भरली वांगी, कधी लाखोळीच्या डाळीची पाटोडी. ती विचारायची, "आज कसं होतं?" मी म्हणायचो, "चांगलं होतं." खोटं नव्हतं. पण काय होतं ते मला आठवायचं नाही. तिला जाऊन चार वर्षं झाली, आणि तिच्या हातची पाटोडी कशी लागायची हे आता मी जिभेवर शोधत बसतो. हे तुमच्या शिकवणीचं फळ आहे, बाबा. तुम्ही मला भुकेपासून वाचवलंत, मान्य. पण चवीपासूनही वाचवलंत.

संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर आम्ही रिटायर झालेले बसतो. तिथं माझी थट्टा चालते. "काय हो, जेवली का तुमची जपानीण?" "आज काय खाल्लं तिनं, मुळा का भोपळा?" एकजण म्हणतो, "दुसऱ्याले जेवताना पाहून ह्याचं पोट भरते, गॅस वाचत असन!" मी म्हटलं, "तुम्ही क्रिकेट पाहून पळता का मग?" हसले सगळे. हसू देत.

पण मुलाचं तसं नाही. तुमचा नातू पुण्याला आहे. त्याला कोणीतरी कळवलं की त्याचे पप्पा दोन-दोन तास स्वैपाकघरात असतात आणि टीव्हीशी बोलतात. त्याचा फोन आला. "पप्पा, आप टीव्ही से बात करते हो?" मी म्हटलं, "टीव्हीशी कशाला बोलू, त्या बाईशी बोलतो. भात करपून राहिला होता तिचा." तो हसला नाही. मागं गंज गॅसवर विसरून राहिलं होतं एकदा, तेही त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं तिकडूनच इथल्या रुआबांधा वस्तीतल्या एका बाईचा डबा लावून दिला. दुपारी एक स्कूटीवाला येतो, फाटकाला पिशवी अडकवतो, आदल्या दिवशीची पिशवी घेतो आणि जातो. मी डबा उघडतसुद्धा नाही. जसा आला तसा परत. तीन आठवडे झाले. मला कोणाचा राग नाही, पण आज काय खायचं हे मी माझ्या पोटाला विचारणार, स्टीलच्या चार खणांना नाही. इतकी वर्षं पाळीनं ठरवलं, भोंग्यानं ठरवलं, तुम्ही ठरवलंत. आता मी ठरवतो. परवा मुलगा म्हणाला, "डब्बा वापस जा रहा है, मुझे सब पता है. या तो डब्बा खाओ, या मेरे साथ चलो. मैं संडे को आ रहा हूँ, फिर क्वार्टर का देखेंगे." पुण्याला त्याच्याकडे स्वैपाकाला बाई आहे, ती सकाळी येते आणि एका दमात सगळं उरकून जाते. गॅसजवळ मला जागा नाही. तिथं मी गरम भात वेळेवर खाणार आणि हळूहळू मरणार. मी सांगितलं, "मी येत नाही." तो म्हणाला, "पप्पा, ज़िद मत करो." जिद्द मी कोणाकडून घेतली ते त्याला माहीत नाही, त्यानं तुम्हांला पाहिलं कुठं.

आणि आता जे सांगायचं होतं ते. गेल्या आठवड्यात एक नवा भाग पाहिला. त्यात एक म्हातारा आहे, माझ्याच वयाचा, एकटाच. बाहेर पाऊस नाही, काही नाही, साधी दुपार. तो कपाट उघडतो, रात्रीचा थंड भात वाडग्यात काढतो, आणि वरून पाणी ओततो. म्हणजे चहा, त्यांचा तो हिरवा, बिनदुधाचा. पण दिसायला पाणीच. भात सुटतो, वर येतो. सोबत खारवलेलं काहीतरी, आंबट. तो वाडगं दोन्ही हातांनी धरतो आणि सावकाश खातो. घास घेतो, थांबतो, वाडग्यात पाहतो. बाबा, मी उठून उभा राहिलो. अंगात शर्ट, वर स्वेटर, भिंतीवर घड्याळ, चांगल्या घरातला माणूस, आणि बासी खातोय! दार उघडं आहे त्याच्या घराचं. अंगणातून शेजारीण जाते, तो मान हलवतो, ती मान हलवते. पोत्याआड काही सरकत नाही.

तुमची ती पाठ दिसत होती मला. तुम्हांला बासी आवडत होती, बाबा. कोक ओव्हनच्या धगीतून आल्यावर गरम भात गिळवत नव्हता, शरीर थंड मागत होतं, आणि तुम्ही स्वतःच केलेला कायदा स्वतःच मोडून दार लावून बसला होतात. ज्यांनी वरून ओतून दिला त्यांनी तुमची लाज तर घेतलीच, आवडसुद्धा घेतली. मला याचाच राग आहे. त्यांचा तर आहेच, पण थोडा तुमचाही. भात त्यांचा नव्हता. पिकवला आपण, कांडला आपण, पाणी नदीचं. त्यांचं होतं काय त्यात, नुसती उंची, जिथून त्यांनी ओतला. तुम्ही ती उंची फेकून द्यायची सोडून भात फेकला. मी भात परत आणला आहे. काल रात्री मूठभर जास्त लावला, पाणी घातलं, झाकून ठेवला. आता दुपार आहे, कूलर घरघरतोय, समोर जर्मनचं तेच गंज आहे, बुडाला पोचे पडलेलं. मीठ आहे, मिरची आहे, कांदा आहे. तुम्ही नको म्हटलेलं सगळं आहे आणि मी त्याच्याकडे टक लावून पाहतो आहे.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. एवढं सगळं लिहून झाल्यावर मान वर केली तर दिसलं की दार मी आतून लावून घेतलं आहे. कडीसकट. कधी लावलं, मला आठवत नाही.

थांबा, कोणीतरी दार वाजवून राहिलं.

मुलगा असेल असं वाटलं, रविवारच्या आधीच आला असेल न सांगता. आणि काय सांगू, गंज उचलून ओट्याखाली ठेवायला माझा हात गेला होता. गेला आणि थांबला. गंज तिथंच ठेवून मी कडी काढली. दारात एक अनोळखी बाई. पन्नाशीची असेल, घामानं भिजलेली, पदर कमरेला खोचलेला, हातात आपली ती डब्याची पिशवी. आत आली नाही, उंबऱ्याच्या बाहेर चांगली दोन हात लांब उभी राहिली.

"बबा, डब्बा मैं बनाथंव," म्हणाली. "रोज भेजथंव, रोज भरे के भरे लहुट आथे. खोले तक नइ राहय." मग जरा थांबून, आवाज खाली करून, "मोर हाथ के नइ खावव का?"

बाबा, मला कोणीतरी वरून पाणी ओतल्यासारखं झालं. फाटकाला अडकवलेल्या पिशवीमागं एक हात आहे हे माझ्या मनात आलंच नव्हतं. तीन आठवडे ती बाई रोज भरलेला डबा परत घ्यायची आणि रोज एकच विचार करायची, ह्यांना माझ्या हातचं चालत नाही का. तोच, जो तुमची आई करायची वाड्यामागं. आणि करायला लावणारा कोण, तर मी. तुमचा मुलगा, आपल्या वस्तीतला, जयभीमवाला. मला आईचं ते वाक्य ऐकू आलं: त्या बाईचं तोंड पाह्यलं का तुमी. मी पाहिलं. समोरच होतं.

"नहीं गा बाई, वइसन बात नइ हे," मी म्हणालो, माझ्या मोडक्या छत्तीसगढीत. "मैं खुद बनाता हूँ. बस, ज़िद है." तिला पटलं नाही. मग तिची नजर माझ्यामागं जमिनीवर गेली आणि चेहराच बदलला. "ए दे! बासी? एखर बर मोर डब्बा लहुटाथव?" ह्याच्यासाठी माझा डबा परत करत होता का, म्हणाली, आणि हसली, चांगली मोठ्यानं. "पहिली बताना रिहिस! मैं बिहनिया ले आलू-गोभी म मरत रहेंव!" सकाळपासून ती बटाटा-फ्लॉवरशी झटत होती.

मी विचारलं, तू जेवलीस का. म्हणाली, सगळ्यांचे डबे गेले, आता घरी जाऊन खाईन काहीतरी. मी म्हटलं, डबा आण इकडे, आज तुझ्या हातचं मी खातो आणि माझ्या हातचं तू. आधी लाजली, मग उंबऱ्याच्या आत आली. "अउ बेटा ल का बोलहूं? इतवार के पूछही." मी म्हटलं, "बोल, बबा खाथे. झूठ थोड़ी है." डबा रोज उघडेन म्हटलं, पण भात माझा मी लावणार. बरं, म्हणाली. मुलगा रविवारी येईल तेव्हा त्यालाही गंजासमोर बसवीन. काय बोलायचं ते खाली बसून बोलू दे.

ती आता मोरीवर हात-पाय धुते आहे, तेवढ्यात हे लिहून टाकतो. दार उघडंच राहिलं आहे, लूची गरम झळ आत येते आहे, येऊ दे. हा कागद कुठं टाकायचा नाही, तुमच्या जागी पोस्टमन जात नाही. पण एक कबूल करायचं राहिलं, बाबा. कांदा मला बुक्कीनं फोडता येत नाही. सकाळपासून तीन वेळा मूठ हाणली, तो घरंगळत जाऊन पोत्याखाली बसतो. ती पदराला हात पुसत विचारते आहे, कांदा कुठाय.